गरम खोली की सोसायटीचा हॉल? मुंबईत योग सुरू करणाऱ्यांसाठी

मध्यंतरी भाचीचा फोन आला. अंधेरीला ऑफिस, दिवसाचे दहा तास खुर्चीत, मान आणि पाठ दोन्ही धरलेली. "मावशी, आमच्या ऑफिसजवळ हॉट योगाचा क्लास आहे. पहिला दिवस फुकट आहे म्हणतात. जाऊ का? की तुझ्यासारखा साधाच योगा सुरू करू?" शाळेतले सूर्यनमस्कार सोडले तर तिने आयुष्यात एकही आसन केलेलं नव्हतं.

मी तिला उलट विचारलं, "खाली वाकताना कुठे थांबायचं ते तुला कळतं का?"

"दुखलं की थांबायचं ना?"

तिथेच खरी अडचण आहे. स्नायू ताणला जातोय की दुखावतोय, हे नवख्या माणसाला ओळखता येत नाही. काही आठवडे सावकाश सराव केला की ते आपोआप कळू लागतं. पण गरम खोलीत शरीर नेमकी हीच खूण द्यायची थांबवतं. म्हणून मी तिला जे सांगितलं तेच तुम्हाला सांगते. पहिले तीन महिने हवेशीर जागेत साधा योग करा. हॉट योगा त्यानंतर, तब्येत साथ देत असेल आणि मनापासून वाटत असेल तर. मुलुंडला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मी बरीच वर्षं वर्ग घेते आणि गरम खोलीतही महिनाभर जाऊन आले आहे, त्यामुळे दोन्हीकडचं पाहून बोलते आहे.

हॉट योगा म्हणजे नेमकं काय

'हॉट योगा' या नावाखाली आज बरंच काही चालतं. कुठे खोली ३२-३५ अंशांवर ठेवून सूर्यनमस्कारांच्या अंगाने जाणारा वेगवान वर्ग घेतात, तर कुठे मूळ पद्धत चालते. ही मूळ पद्धत बिक्रम चौधरी यांनी १९७०च्या दशकात अमेरिकेत लोकप्रिय केली. ते मूळचे कोलकात्याचे, बिष्णुचरण घोष यांचे शिष्य. बिष्णुचरण म्हणजे परमहंस योगानंदांचे धाकटे भाऊ. या पद्धतीत २६ आसनं आणि श्वासाचे २ प्रकार असतात. क्रम ठरलेला, वेळ ९० मिनिटं, खोलीचं तापमान साधारण ४०.६ अंश सेल्सिअस आणि दमटपणा ४० टक्के. सुरुवात उभ्याने दीर्घ श्वासाने होते आणि शेवट कपालभातीने. मध्ये अर्धचंद्रासन, गरुडासन, त्रिकोणासन, भुजंगासन, उष्ट्रासन अशी आपल्या ओळखीचीच आसनं येतात. सूर्यनमस्कार, शीर्षासन आणि सर्वांगासन मात्र या क्रमात नाहीत. हा क्रम आपल्याच मालकीचा आहे असा चौधरींचा दावा होता, पण आसनांच्या क्रमावर कॉपीराइट सांगता येत नाही असा निकाल २०१५ साली अमेरिकेतल्या अपील न्यायालयाने दिला.

थोडक्यात, आसनं तीच आहेत. फरक आहे तो खोलीच्या हवेचा, आणि म्हणून त्या हवेत शरीराचं काय होतं ते समजून घ्यायला हवं.

आपल्या त्वचेचं तापमान साधारण ३३ ते ३५ अंश असतं. बाहेरची हवा त्याहून थंड असली की अंगातली उष्णता आपोआप बाहेर जाते. खोली ४० अंशांवर गेली की हे उलटं होतं. मग हवाच शरीराला तापवू लागते आणि थंड व्हायचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे घाम येऊन तो वाळणं. अंगावरून नुसता ओघळून मॅटवर पडलेला घाम थंडावा देत नाही, पाणी आणि मीठ मात्र घेऊन जातो.

आता आपल्या मुंबईचा विचार करा. मे महिन्यात दुपारी ३३-३४ अंश आणि ६५-७० टक्के दमटपणा ही रोजची गोष्ट आहे. हिशेब मांडला तर त्या वेळी आपल्या हवेत जेवढी वाफ असते, ती हॉट योगाच्या खोलीतल्या वाफेपेक्षा थोडी जास्तच भरते. थंड देशात जानेवारीत आखडलेलं अंग मोकळं करायला खोली तापवणं मी समजू शकते. पण पंखा बंद केला की पाच मिनिटांत ज्यांना घाम फुटतो, त्या मुंबईकरांना अंग गरम करायला हीटर लागत नाही. दहा मिनिटं खांदे-कंबर फिरवली आणि जागच्या जागी चाललं तरी पुरतं.

वजन, घाम आणि 'शरीर साफ होतं' याबद्दल

हॉट योगाकडे लोक ओढले जातात ते बहुतेक वजनासाठी. वर्गाआधी आणि वर्गानंतर काट्यावर उभं राहिलं की किलोभर फरक दिसतो. ते पाणी असतं. घरी येऊन दोन तांबे पाणी प्यायलं की परत येतं. अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्टेट विद्यापीठात या ९० मिनिटांच्या वर्गात किती कॅलरी खर्च होतात ते मोजलं, तेव्हा पुरुषांच्या सरासरी ४६० आणि बायकांच्या ३३० निघाल्या. म्हणजे तेवढाच वेळ भरभर चालण्याइतक्या. शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवती फेऱ्या मारणारे आजोबा तेवढा व्यायाम कुठलीही फी न भरता करतात.

मला याहून महत्त्वाचा वाटतो तो टेक्सासमध्ये केलेला आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास. व्यायाम न करणाऱ्या, चाळीस ते साठ वयाच्या माणसांना १२ आठवडे हाच २६ आसनांचा क्रम शिकवला. एका गटाला ४०.५ अंशांत, दुसऱ्याला २३ अंशांत. रक्तवाहिन्यांच्या कामात दोन्ही गटांत सारखीच सुधारणा दिसली. फायदा आसनांनी झाला, उष्णतेने त्यात भर घातली नाही.

घामातून विष बाहेर पडतं, हेही पुष्कळदा ऐकू येतं. घाम म्हणजे मुख्यतः पाणी आणि मीठ. रक्त साफ करायचं काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात. उलट अंगातलं पाणी कमी झालं की मूत्रपिंडांवरच ताण येतो.

गरम खोलीत माझं काय झालं

हे सविस्तर सांगते, कारण निर्णय घेताना हेच कामी येईल.

दार उघडून आत पाऊल टाकलं आणि चष्म्यावर वाफ धरली. चष्मा बाहेर ठेवून आले. समोर भिंतभर आरसा. दहाव्या मिनिटाला कोपराच्या टोकावरून घामाचे थेंब मॅटवर टपटप पडू लागले. अर्ध्या तासात मॅटवरचा पंचा पिळण्याइतका ओला. अंग मात्र लोण्यासारखं मऊ झाल्यागत वाटत होतं. तिसऱ्या दिवशी पादहस्तासनात माझे दोन्ही तळवे सपाट जमिनीला टेकले. घरी इतकी वर्षं जेमतेम बोटंच टेकायची. मला विलक्षण आनंद झाला. शिकवणाऱ्यांनीही 'अजून, अजून' म्हणून प्रोत्साहन दिलं आणि मी आणखी खाली गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टेशनचा जिना चढताना डाव्या मांडीच्या मागे, आपण बसतो त्या हाडाच्या अगदी खाली, कळ आली. स्नायू जिथे हाडाला जोडलेला असतो तीच जागा. तिथे रक्तपुरवठा कमी, त्यामुळे ती लवकर भरून येत नाही. खाली मांडी घालून बसायला मला सात आठवडे लागले.

काय झालं होतं? उष्णतेने स्नायू आणि त्यांचे बंध जास्त ताणले जातात, आणि त्याच वेळी दुखणं कमी जाणवतं. एरवी शरीर ज्या ठिकाणी 'पुरे' म्हणालं असतं, तिथे ते गप्प राहिलं. इतक्या वर्षांचा सराव असून मला ते कळलं नाही. मग पहिल्यांदाच मॅटवर उभ्या राहिलेल्या माणसाला कसं कळावं?

पहिलं काम: तब्येत तपासा

साधा योग जवळजवळ प्रत्येकाला करता येतो. आसन बदलावं लागेल, खुर्चीचा आधार लागेल, पण करता येतो. गरम खोलीचं तसं नाही. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल, तर हॉट योगा पूर्णपणे टाळा. पहिल्या तीन महिन्यांत शरीराचं तापमान वाढणं बाळासाठी धोक्याचं असतं. हृदयाचा त्रास, आटोक्यात नसलेला रक्तदाब, मूत्रपिंडाचा आजार, पूर्वी झालेला उष्माघात, वारंवार भोवळ येणं, यांपैकी काही असेल तर गरम खोलीचा विचारच सोडा.

गोळ्यांकडे लोक सर्वांत जास्त दुर्लक्ष करतात. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेत असाल, तर अंगातलं पाणी आधीच कमी होत असतं. काही गोळ्या हृदयाचे ठोके वाढू देत नाहीत, तर सर्दी-ॲलर्जीच्या आणि मानसिक आजारांवरच्या काही गोळ्या घाम कमी करतात. मधुमेहात इन्सुलिन घेत असाल तर उष्णतेत ते लवकर शोषलं जाऊन साखर अचानक उतरू शकते. म्हणून डॉक्टरांकडे जाल तेव्हा नुसतं "योगा करू का?" असं विचारू नका, ते हो म्हणणारच. "चाळीस अंशांच्या खोलीत तासभर व्यायाम करणार आहे, माझ्या या गोळ्यांवर चालेल का?" असं स्पष्ट विचारा.

दुसरं काम: साधा वर्ग निवडा

मुंबईत याबाबतीत आपण फार भाग्यवान आहोत. सांताक्रूझ पूर्वेची द योगा इन्स्टिट्यूट श्री योगेंद्रांनी १९१८ साली वर्सोव्यात सुरू केली. गृहस्थाश्रमी माणसाला रोजच्या संसारात जमेल असा योग, हा तिथला पहिल्यापासूनचा विचार. मरीन ड्राइव्हला कैवल्यधामचं केंद्र आहे. त्याचे संस्थापक स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ साली लोणावळ्याला संस्था काढली आणि आसनांचा शरीरावर होणारा परिणाम क्ष-किरणांनी, रक्तदाब मोजून तपासायला सुरुवात केली. लोअर परळला अय्यंगार योगाश्रय आहे. बी. के. एस. अय्यंगार यांच्या पद्धतीत पट्टे, लाकडी ठोकळे, खुर्ची, दोर अशी साधनं वापरतात, त्यामुळे अंग फार आखडलेलं असेल किंवा गुडघ्या-कंबरेचं दुखणं असेल त्यांना तिथे जास्त सोयीचं वाटतं. ठाण्याकडच्यांसाठी अंबिका योग कुटीर आहे.

पण नाव मोठं म्हणून दोन गाड्या बदलून जाऊ नका. मी इतक्या वर्षांत पाहिलं आहे, वर्ग सुटतो तो कंटाळ्याने कमी आणि प्रवासाने जास्त. डोंबिवलीहून लोअर परळला नोकरीला जाणाऱ्याने एक तर घराजवळचा सकाळी सहाचा वर्ग धरावा, नाही तर ऑफिसपासून चालत जाता येईल असा. घरून वर्गाला पंधरा मिनिटांपेक्षा जास्त लागू नयेत. सोसायटीच्या हॉलमधला, शाळेच्या वर्गखोलीतला, बागेतला गट असला तरी चालतो, शिकवणारी व्यक्ती चांगली असली म्हणजे झालं.

ती चांगली आहे की नाही हे कसं ओळखायचं? पैसे भरण्याआधी एक दिवस नुसतं बसून वर्ग पाहू द्या म्हणावं. आल्या-आल्या नवीन माणसाला दुखण्याबद्दल, शस्त्रक्रियेबद्दल, गोळ्यांबद्दल विचारतात का ते पाहा. स्वतः आसनं करत बसतात की वर्गात फिरून प्रत्येकाकडे पाहतात? कुणाच्या पाठीवर जोर देऊन खाली दाबत असतील, तर तिथून उठून या. आणि एक प्रश्न मुद्दाम विचारा: "माझ्या मणक्यात गॅप आहे, मी कोणती आसनं टाळू?" नीट शिकलेला माणूस आधी आणखी चार प्रश्न विचारेल, रिपोर्ट दाखवा म्हणेल. "काही होत नाही, योगाने सगळं बरं होतं" असं उत्तर आलं तर दुसरा वर्ग शोधा. आयुष मंत्रालयाच्या योग प्रमाणन मंडळाची परीक्षा दिली आहे का, हेही विचारायला संकोचू नका.

भाची सांताक्रूझला जाऊ लागली आहे. अंधेरीहून दोन स्टेशनं, तिला जमतं.

पहिले तीन महिने

सामान फार लागत नाही. चटई लादीवर सरकते, म्हणून ४ ते ६ मिलिमीटर जाडीची रबरी मॅट घ्या. त्याहून जाड गादीसारखी मॅट घेतली की एका पायावरच्या आसनांत तोल जातो. पट्ट्याऐवजी जुनी सुती ओढणी चालते. एक उशी, एक भिंत. जेवणानंतर तीन-चार तास गेलेले असावेत. सकाळी रिकाम्या पोटी उत्तम, पोहे-चहा नंतर.

आठवड्यातून तीन दिवस, अर्धा-पाऊण तास, एवढ्यावर सुरुवात करा. पहिल्या महिन्यात ताडासन, भिंतीला धरून वृक्षासन, पवनमुक्तासन, सेतुबंधासन, मकरासन, शवासन आणि शांत श्वास. दुसऱ्या महिन्यात त्रिकोणासन, भुजंगासन, बसून पाय लांब करून पुढे वाकणं. सूर्यनमस्कार तिसऱ्या महिन्यात, चारपासून. घाई करून पहिल्याच दिवशी बारा घालणारे पाचव्या दिवशी मनगट धरून येतात.

थांबायचं कुठे हे शिकण्यासाठी माझ्या वर्गात मी एकच माप देते, श्वासाचं. आसनात गेल्यावर नाकाने सावकाश पाच श्वास घेता आले पाहिजेत. श्वास अडला, तोंड उघडलं, दात आवळले गेले, की दोन बोटं मागे या. तिथे श्वास पुन्हा मोकळा होतो. तीच त्या दिवसाची तुमची जागा. ताण स्नायूच्या मधल्या भागात, पसरलेला जाणवला तर ठीक. सांध्यापाशी, हाडाजवळ, एका बिंदूत टोचल्यासारखं वाटलं तर लगेच सोडा. गरम खोलीत हे माप चालत नाही, कारण उकाड्यानेच श्वास भरभर होतो आणि तो ताणामुळे वाढलाय की उष्णतेमुळे, हे नवख्याला समजत नाही.

आमच्या वर्गात पोस्टातून निवृत्त झालेल्या एक काकू आहेत. पहिल्या दिवशी पाय लांब करून बसल्या, तेव्हा हात जेमतेम गुडघ्यापर्यंत पोचले. चेहरा पडला त्यांचा. मी त्यांना बुडाखाली घडी घातलेली सतरंजी दिली, गुडघे थोडे वाकवायला सांगितले आणि तळव्यांभोवती ओढणी अडकवून तिची दोन टोकं हातात दिली. "पायाकडे जायचं नाही काकू. पाठ सरळ ठेवायची आणि पाच श्वास मोजायचे." रोज ओढणीवरची पकड नखभर पुढे. तीन महिन्यांनीही त्यांची बोटं अंगठ्याला लागली नव्हती, घोट्यापर्यंतच आली होती. पण एका सकाळी वर्ग सुटल्यावर त्या मुद्दाम थांबल्या आणि म्हणाल्या, "अगं, काल मी माझ्या पायाची नखं माझी मी कापली. दोन वर्षं सुनेला सांगत होते."

घरी सराव करायचा असेल तर आयुष मंत्रालयाचा सामान्य योग अभ्यासक्रम बघा. साधारण ४५ मिनिटांचा आहे, २१ जूनला योग दिनी जिकडेतिकडे तोच करतात. त्यातलं उष्ट्रासन मात्र पहिले दोन महिने सोडा.

सुरुवात कोणत्या महिन्यात

घेरंडसंहितेत योगाचा आरंभ वसंतात किंवा शरदात करावा, कडक उन्हाळ्यात, पावसाळ्यात आणि थंडीत करू नये असं सांगितलं आहे. साध्या योगासाठी मी इतकी कडक नाही, ज्या दिवशी मनात आलं त्या दिवशी सुरू करा. हॉट योगासाठी मात्र यातला उन्हाळा टाळायचा सल्ला अक्षरशः पाळावा असं मला वाटतं. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरचा उकाडा टाळा. दिवाळीनंतरचे तीन-चार महिने त्यातल्या त्यात बरे. दिवसभर एसीत काम करून एसी लोकलने घरी जाणाऱ्यांनी, आपण मुंबईचे म्हणून आपल्याला उष्णतेची सवय आहे, असं धरून चालू नये. ती सवय मोडलेली असते आणि पुन्हा लागायला दहा-चौदा दिवस जातात.

तीन महिन्यांनंतर हॉट योगा करून पाहायचाच असेल तर

काहींना ती ऊब, तो घाम आणि नंतरचा हलकेपणा खरोखर आवडतो. आवडण्यात काही गैर नाही. फक्त तयारीने जा.

आधी फोन करून विचारा: खोलीचं तापमान किती आणि दमटपणा किती? भिंतीवर मोजायचं यंत्र लावलेलं आहे का? वर्ग ६० मिनिटांचा की ९०? ताजी हवा आत यायची सोय आहे का? आणि सगळ्यांत महत्त्वाचं, मध्येच बाहेर जाऊ देता का? 'वर्ग संपेपर्यंत बाहेर जायचं नाही' असा नियम असेल, तर तिथे जाऊ नका. सुरुवात ३२-३५ अंशांच्या, तासाभराच्या वर्गाने करा. पहिला महिना आठवड्यातून एकदाच, बाकीचे दिवस आपला नेहमीचा वर्ग.

आदल्या दिवशी जागरण किंवा दारू झाली असेल, ताप असेल, पोट बिघडलं असेल, तर जाऊ नका. वर्गाआधीच्या दोन तासांत दोन-तीन ग्लास पाणी, थोडं थोडं करून. सुती जाड टी-शर्ट घामाने जड होतो, पातळ आणि लवकर वाळणारे कपडे घाला. मॅटवर पसरायला पंचा आणि तोंड पुसायला वेगळा नॅपकिन. जागा शेवटच्या रांगेत, दाराजवळची. एरवी जितकं वाकता त्याच्या पाऊणपटच वाका, अंग कितीही सुटलेलं वाटलं तरी. नको वाटलं की सरळ शवासनात पडून राहा.

घरी आल्यावर नुसतं पाणी ढसाढसा पिऊ नका. घामाबरोबर मीठही गेलेलं असतं. मीठ-साखर घातलेलं लिंबू सरबत, मीठ घातलेलं ताक, कोकम सरबत, यातलं काहीही चालतं. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी मिठाचं डॉक्टरांना विचारूनच. वर्गाआधी आणि नंतर वजन करा, जेवढे किलो उतरले तेवढे लिटर, किंवा थोडं जास्तच, पुढच्या काही तासांत पोटात गेलं पाहिजे. संध्याकाळपर्यंत लघवीचा रंग फिकट झाला नाही तर पाणी अजून कमी पडतं आहे.

डोकं ठणकणं, मळमळ, चक्कर, पायांत गोळे येणं, छातीत धडधड, घामाघूम असताना अंगावर थंडीचा काटा, यातलं एकही जाणवलं तर आसन पुरं करायच्या भरीला न पडता बाहेर या. थंड जागेत पाय थोडे वर ठेवून आडवं व्हा, मानेवर आणि काखेत ओला रुमाल ठेवा, घोट घोट पाणी घ्या. शेजारचा माणूस असंबद्ध बोलू लागला, त्याला उलट्या होऊ लागल्या किंवा शुद्ध हरपली तर तो उष्माघात असू शकतो. घाम येत असला तरीही. लगेच १०८ला फोन करा, तोपर्यंत अंगावर पाणी ओतून पंख्याचा वारा घाला, आणि शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी मुळीच घालू नका.

वर्ग सुटल्यावर ओले कपडे बदला आणि पंधरा-वीस मिनिटं तिथेच बसा. घामाने पाणी गेलेलं असतं, रक्तदाब उतरलेला असतो, आणि अशा वेळी संध्याकाळच्या विरार गाडीत दाराशी उभं राहणं मला फार धोक्याचं वाटतं. एक गाडी सोडा. सरबत संपवा. उठताना डोळ्यांपुढे अंधारी येत नाही ना ते पाहा आणि मगच स्टेशनकडे निघा.